उजव्या पानावरच्या रेघा

बेसिंगस्टोक, १३ मार्च

सुप्रभा,

वीस वर्षांनी लिहिलेल्या पत्राला कोणता मायना शोभतो हे मला ठाऊक नाही, म्हणून नुसते नाव लिहिले. तुझा पत्ता मी कोणाकडे मागितलेला नाही. नॉटिंगहॅमच्या चौदा एप्रिलच्या जयंती कार्यक्रमाचे पत्रक इथल्या मंडळातल्या एका गृहस्थांनी सर्वांना पाठवले, त्याखाली संयोजक म्हणून तुझे नाव आणि पत्ता होता. पत्रकात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. छापण्यापूर्वी कोणीतरी वाचायला हवे होते.

कामाचे लिहिते. ज्या देशावर तेव्हा परकीय फौजांचा ताबा होता आणि जिथे फर्मने आपल्या दोघींना लेखापरीक्षणासाठी पाठवले होते, तिथल्या पाणी-निधीची चौकशी अखेर लंडनमध्ये सुरू झाली आहे. निधी त्याच देशाच्या लोकांचा होता. ताबा घेणाऱ्या प्रशासनाने तो विश्वस्त म्हणून सांभाळायचा होता. राजधानीतून नोटांचे गठ्ठे प्रांतांकडे निघाले आणि मधल्या मधे नाहीसे झाले. चौकशी समितीपुढे प्रश्न एकच आहे: याला जबाबदार कोण? तेव्हाचे प्रशासन म्हणते, आम्ही पाठवले, प्रांतांनी खाल्ले. प्रांतांत तर नोंदीसुद्धा ठेवलेल्या नव्हत्या, असेही म्हणते.

काल मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. निवृत्त माणसाला वेळ असतो. साक्षीला दारूब प्रांताच्या जलविभागातल्या दप्तरदार नाझिहाबाई आल्या होत्या. चेहरा मला आठवला नाही. पडद्यावर त्यांच्या वहीचे पान आले आणि अक्षर मात्र तत्काळ आठवले. ते अक्षर विसरणे शक्य नाही. पाचही वह्या त्यांनी स्वतः आणल्या होत्या. विमानात सामानात द्यायला नकार दिला, म्हणून समितीच्या कारकुनाला एक वेगळे आसन काढावे लागले, असे अध्यक्षांनीच सांगितले. अध्यक्ष या निवृत्त न्यायाधीश आहेत. सांगताना त्या हसल्या नाहीत.

प्रशासनाच्या वकिलांनी विचारले, "डावी पाने भरलेली आणि उजवी कोरी. हे कसे?"

"सांगितले ते डावीकडे. आले ते उजवीकडे. आले नाही, तर लिहू काय?" दुभाषा सामान्य वकुबाचा होता, तरी एवढे त्याला नीट जमले.

"पण वीस वर्षे कोरी ठेवलीत?"

"वीस वर्षे आले नाही." मग त्यांनी अगदी निरागसपणे विचारले, "तुमच्याकडे कसे लिहितात?"

सभागृहात हशा झाला. मला हसू आले नाही. त्या प्रदेशात त्यानंतर तीन सरकारे आली, दोनदा गोळीबारात कचेरी हलवावी लागली, वरिष्ठ बदलले. प्रत्येकाला त्या उजव्या पानावर काहीतरी लिहून हवे होते, आणि या बाईने एका अक्षराची भर पडू दिली नाही. चाळीस वर्षे मी लोकांच्या नोंदी तपासल्या. इतके स्वच्छ पान माझ्या टेबलावर आलेले नाही. परतीच्या गाडीत मी वॉटरलूपासून बेसिंगस्टोकपर्यंत वर्तमानपत्र उघडले नाही.

तुला त्या दौऱ्यातले काय आठवते, ते कळवावेस. केवळ माझी स्मृती पडताळून पाहण्यासाठी विचारते आहे.

देवयानी


बेसिंगस्टोक, १९ मार्च

सुप्रभा,

तुझे कार्ड मिळाले. दोन ओळींत माणूस किती सांगू शकतो, हे तू सिद्ध केलेस. "ताई, पत्रक मीच टाइप केलं, आणि चुका चार नाही, सहा आहेत. उजव्या पानांवर लाल रेघा पण होत्या ना? त्यांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही." पत्रक मी पुन्हा वाचले. सहाच आहेत.

ठीक आहे. लाल रेघांबद्दल लिहिते.

आपल्याकडे सीएची उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप, करताना पहिल्या आठवड्यात शिकवतात, की नोंदवहीत मोकळी जागा दिसली की तिथे तिरपी रेघ मारून सही करायची, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येत नाही. दारूबला मी तेच केले. पहिली वही उघडली, उजवीकडच्या एकतीस जागा कोऱ्या दिसल्या, आणि त्या बाईंच्या देखत एकतीस रेघा मारल्या. प्रत्येक रेघेखाली तारीख घातली आणि माझे आद्याक्षर. तुला ठाऊक आहे, आद्याक्षर मी नेहमी देवनागरीत करते. 'दे'ला मात्रेचा एक फराटा आणि खाली टिंब. लंडनच्या कचेरीत कोणाला ते उमटवता येत नसे, याचा मला फार अभिमान होता.

परवा ते अक्षर पडद्यावर आले. माझ्या मुठीएवढे. समितीच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितले, की ही खूण स्थानिक लिपीतली नाही. बहुधा सजावट असावी.

मग प्रशासनाचे वकील उठले. त्यांना ही सजावट फारच सोयीची वाटली. "नाझिहाबाई, या जागा तुम्ही स्वतःच रद्द केल्यात. रक्कम येणे नव्हतेच, हे तुम्हाला माहीत होते."

"मी नाही केल्या. बाहेरून तपासायला एक बाई आली होती, तिने केल्या."

"कोणत्याही तपासनिसाने प्रांतातल्या वह्या पाहिल्याची नोंद नाही. अहवालात स्पष्ट लिहिले आहे, की ग्राह्य नोंदी आढळल्या नाहीत. नाव सांगा त्या बाईचे."

"नाव विचारायला तिने वेळ दिला नाही. चहा दिला तो उभ्याने प्यायली. आमची वही तिला आवडली नाही." त्यांनी पडद्याकडे पाहिले. "पण रेघा सरळ मारल्या. हात चांगला होता."

मी चौथ्या रांगेत बसले होते, सुप्रभा. बसूनच राहिले.

त्यानंतर जे झाले ते तुला कळायलाच हवे, कारण तेव्हा आपल्याला कोणी हे सांगितले नव्हते. आपण विचारलेही नव्हते. त्यांच्या कचेरीत दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सगळे दप्तर बंद ठेवून उजवीकडच्या कोऱ्या जागा मोठ्याने वाचतात. शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळे उभे राहतात. वाचून झाले की विचारायचे, यातले काही कोणी कुठे पाहिले का? कोणी बोलले नाही तर वही मिटायची. वीस वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. कचेरी पळवावी लागली तेव्हा ट्रकमध्ये वाचले. वकील आपल्याला खोटे ठरवू पाहत आहेत हे उमगल्यावर बाईंनी अध्यक्षांना विचारले, "या महिन्याच्या वाचनाला मी दारूबला नव्हते. इथे वाचू का?"

वकिलांनी आक्षेप घेतला. अध्यक्ष म्हणाल्या, "वाचू द्या."

दोनशे चौदा नोंदी. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. वही उघडी ठेवली होती, पण नजर आमच्यावर होती. पूर्वेचा पंप, मोटारीसाठी इतके, आले नाही. रुग्णालयाची टाकी, इतके, आले नाही. शाळेची विहीर, आले नाही. दुभाष्याने पहिल्या काही भाषांतरित केल्या, मग तो थांबला. नंतर गरजच उरली नाही, 'आले नाही' हे त्यांच्या भाषेत कसे म्हणतात ते साऱ्या सभागृहाला कळले होते. साठाव्या नोंदीच्या सुमारास मागच्या बाकावरचे कोणीतरी उभे राहिले. मग एकेक करून सगळे. टंकलेखन करणारी मुलगी उभ्याने टाइप करीत होती. शेवटी अध्यक्षही उठल्या. मी इतक्या मोठमोठ्या सभागृहांत बसले आहे, मोठ्या लोकांची भाषणे ऐकली आहेत. भव्य म्हणजे काय हे मला परवा कळले. एका निमसरकारी कारकुनाच्या पाठांतराला आख्खे सभागृह उभे होते.

संपल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. यातले काही कोणी पाहिले का?

मग त्यांनी वही मिटली.

देवयानी


बेसिंगस्टोक, २२ मार्च

सुप्रभा,

तुझे उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

आज अन्वी स्लाऊहून आली. ती तुला आठवत असेल ती सहा वर्षांची. आता तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करते आणि शनिवारी येते. समितीचे कामकाज इंटरनेटवर दाखवतात, हे मला माहीत होते; अन्वी ते पाहील हे मात्र मनात आले नव्हते. दारातूनच तिने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर लाल रेघ होती, आणि रेघेखाली मी.

"आई, हा तुझा साइन आहे."

"'ही तुझी सही आहे' म्हण."

"आई! प्लीज. माझ्या मराठी स्कूलच्या वहीवर एव्हरी सिंगल पेजला हाच होता. लाल पेन. मोकळा जागा दिसला की लाइन मारायची तू. मला ड्रॉइंग काढायला पण जागा नाही ठेवायची." ती रडवेली झाली होती आणि मला एवढेच दिसत होते, की तिने बूट काढले नाहीत. "तो वकील तिला लायर म्हणतो आहे. आणि तू तिथे होता? तू बसला होता?"

"होते. बसले होते."

"का?"

मी तिला सांगितले, की मी जे केले ते नियमाला धरून होते. अहवालातले वाक्य माझे नव्हते, फर्मच्या भागीदारांनी सारांश लिहिला. 'ग्राह्य नोंदी' हा शब्दप्रयोग तांत्रिक आहे. तीनही मुद्दे मी व्यवस्थित मांडले. अन्वी ऐकत होती. मग म्हणाली, "ओके. पण तुला तो समरी दाखवला होता का आधी?"

तिला लेखापरीक्षणातले काही कळत नाही. तरी बरोबर तिथेच बोट ठेवले.

दाखवला होता, सुप्रभा. हे मी तुला कधी सांगितले नाही, कोणालाच सांगितले नाही. सारांशाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर दोन दिवस होता. "प्रांतिक कार्यालयांत ग्राह्य नोंदी आढळल्या नाहीत" हे वाक्य मी तीनदा वाचले. त्यात एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो मी दुरुस्त केला आणि मसुदा परत पाठवला.

अन्वीला मी हे सांगितले तेव्हा ती हसेल असे वाटले होते. ती उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाली, "आई, यू आर अनबिलिव्हेबल." दोन्ही अर्थांनी म्हणाली असावी.

आता तुझ्याविषयी. त्या संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात तू माझ्याशी भांडलीस. "काहून असं करता ताई? माझे बाबा नागपूरला रेकॉर्ड रूममध्ये होते, मला माहीत आहे. कोरी जागा भरून टाकणं सोपं असतं हो. वरून साहेब येतो, म्हणतो भर. ती कोरी ठेवायला जिगर लागते." मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. मी म्हणाले, "हे तुमच्या जिल्हा परिषदेचे दप्तर नाही."

त्या 'तुमच्या'चा अर्थ मला तेव्हाही ठाऊक होता. तू ताट तसेच ठेवून उठलीस. मी जेवण पुरे केले.

इंग्लंडला परत आल्यावर तू भागीदारांना लेखी कळवलेस, की दारूबच्या वह्या विश्वासार्ह आहेत. माझे मत मागवले गेले. दीड पानाचे लिहिले: व्यावसायिक साशंकतेचा अभाव, भावनेच्या आहारी जाण्याची प्रवृत्ती, पार्श्वभूमीमुळे कनिष्ठ कर्मचाऱ्यांकडे कल. फर्मने तुला कायम केले नाही. व्हिसा टिकवण्यासाठी तुला नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात बिले तपासण्याची नोकरी घ्यावी लागली, असे नंतर कानावर आले. मला तेव्हा ते योग्य वाटले. माणसाने आपल्या वकुबाच्या जागी असावे, असे मी कोणालातरी म्हणालेही.

वाक्यरचना निर्दोष होती त्या दीड पानाची. मी काल ते काढून वाचले. त्यातली एकही गोष्ट खरी नाही.

समितीकडे मी आज ईमेलने नाव कळवले आहे. माझ्या व्यावसायिक संस्थेकडेही. संस्थेची फेलोशिप, म्हणजे वरचे सदस्यत्व, काढून घेतील; घ्यायलाच हवी.

देवयानी


बेसिंगस्टोक, २७ मार्च

सुप्रभा,

काल माझी साक्ष झाली. क्रमाने सांगते.

शपथ घेतल्यावर मला कोरा कागद देऊन आद्याक्षर करायला सांगितले. केले. तज्ज्ञाने ते पडद्यावरच्या खुणेशेजारी धरले आणि होकारार्थी मान हलवली. मी सांगितले, की हे देवनागरी आहे, हे माझे आहे, त्या तारखेला मी दारूबमध्ये होते, आणि त्या दिवशी डावीकडच्या नोंदी लिहिलेल्या व उजवीकडच्या जागा कोऱ्या होत्या. अध्यक्षांनी विचारले, "म्हणजे ही वही मागाहून तयार केलेली असणे अशक्य आहे?" मी म्हणाले, "अशक्य आहे." समोरच्या वकिलांनी फायलीतले एक पान उलटले, मग पुन्हा सुलटे केले. एकतीस रकमा राजधानीतून निघाल्या आणि पोहोचल्या नाहीत, हे पहिल्यांदा कोणाच्या तरी विरुद्ध सिद्ध झाले. स्वल्पविरामाचेही सांगितले. प्रेक्षकांत कुजबुज झाली. मागे अन्वी होती, मी मागे पाहिले नाही.

मला वाटले, झाले. खोटे कशाला सांगू, मला थोडा अभिमानसुद्धा वाटला. माझ्या काटेकोरपणानेच अखेर त्या बाईंना तारले, असे एक वाक्य मनात तयारही झाले होते.

दुपारी मार्गिकेत नाझिहाबाई भेटल्या. दुभाष्याला सोबत घेऊन मी समोर गेले आणि क्षमा मागितली. पुष्कळ तयारी केली होती. तीन वाक्यांत संपले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तीच तू," त्या म्हणाल्या. "केस पिकले." मग हाताची पाच बोटे वर केली.

"वह्या पाच होत्या."

"हो."

"पहिलीत रेघा मारल्यास. बाकीच्या चारांत का नाही मारल्यास?"

दुभाषा गोंधळला. त्याला वाटले आपले काही चुकले. त्याने पुन्हा विचारून घेतले. चुकले नव्हते.

"एकशे त्र्याऐंशी नोंदी त्या चार वह्यांत आहेत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कामात हयगय करणाऱ्या मुलीला विचारावे तसे विचारत होत्या. "तुझी रेघ असली की ते मानतात. नसली की म्हणतात, काल लिहिले. तपासायला आली होतीस ना? मग सगळे तपासायचे होते. मी चार वह्या काढून ठेवल्या होत्या. तू चहा संपवलास आणि गेलीस."

चाळीस वर्षांत मला 'काम अपुरे आहे' असे कोणी म्हणाले नव्हते. मी ते लोकांना म्हणत आले. आणि हे म्हणणारी बाई अशी, की जिच्या कामात मला बोट ठेवायला जागा सापडत नाही. मी भिंतीला टेकले. त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

यातले सर्वांत वाईट मी समितीलाही सकाळी सांगितले नव्हते. फर्मला दिलेल्या टिपणात मी लिहिले होते, "पाचही वह्या तपासल्या, एकही ग्राह्य नाही." मी एक उघडली होती. उरलेल्या चारांची मी नुसती पुठ्ठ्यावरची धूळ पाहिली. मी, जी स्वल्पविराम दुरुस्त करते, तिने न उघडलेल्या वहीवर मत दिले. कारण पहिली पाहून मला कळले होते की ही माणसे कशी काम करतात. असे मला वाटले होते.

मी तशीच आत गेले आणि अध्यक्षांना साक्ष पुढे चालू करण्याची विनंती केली. हे सांगितले. आणखी एक सांगितले. मी खाली गाडीत जाऊन बसले, तेव्हा माझी सहकारी वरच राहिली होती, पाऊण तास. ती फरशीवर बसून उरलेल्या चार वह्या पाहत होती. मी ड्रायव्हरला दोनदा हॉर्न वाजवायला सांगितला. जेवणघरातल्या भांडणात तिने मला आकडा सांगितला होता: "दोनशे चौदा आहेत ताई, मी मोजल्या." नाझिहाबाईंनी याच सभागृहात तितक्याच वाचल्या.

वकील लगेच उठले. "तुम्ही स्वतः त्या वह्या पाहिल्या?"

"नाही."

"मग हा आकडा ऐकीव."

"हो. माझ्याकडून ऐकीव. तिच्याकडून नाही."

"ही सहकारी म्हणजे तीच ना, जिच्याविषयी तुम्ही स्वतः लिहून दिले आहे की तिच्या निर्णयशक्तीवर विसंबता येत नाही?" ते दीड पान त्यांच्याजवळ होते. फर्मने दिले असणार.

मी म्हणाले, तो मजकूर माझा आहे आणि खोटा आहे. का खोटा आहे ते मी लेखी द्यायला तयार आहे. अध्यक्षांनी आजपर्यंतची मुदत दिली. सकाळी दिले. चार पाने झाली. प्रत्येक आरोप एकेक घेऊन तो मी कशाच्या आधारावर केला ते लिहिले आहे; बहुतेक ठिकाणी "आधार नव्हता" एवढेच लिहावे लागले. जिल्हा परिषदेचे वाक्य, त्यातल्या 'तुमच्या'सकट, लिहिले आहे. ते आता सार्वजनिक कागदपत्रांत राहील. प्रत सोबत जोडली आहे. त्यात तुझ्याविषयी काही चुकीचे राहिले असेल तर समितीच्या सचिवांना थेट कळव. मला विचारण्याचे कारण नाही.

आता मागणे. एकशे त्र्याऐंशी नोंदींसमोरच्या जागा तेव्हा कोऱ्या होत्या, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले एकच माणूस या देशात आहे. तू आलीस तर ते सर्वांसमोर तुला ते दीड पान वाचून दाखवतील, हे मी लपवत नाही. आपल्या बायकांना अशा खोलीत उभे राहणे किती जड जाते हे मी काल पाहिले. तुला ते माझ्याहून जड जाईल, आणि त्याला मी कारण आहे. तू नाही म्हणालीस तर ती नोंद माझ्या खात्यावर राहील, तुझ्या नाही.

समिती सोमवारी साडेनऊला बसते. नाझिहाबाई शनिवारी परत जाणार होत्या; त्यांनी तिकीट पुढे ढकलले आहे. काल निघताना त्यांनी मला विचारले, ती दुसरी मुलगी, फरशीवर बसली होती ती, येईल का? मी 'येईल' असे सांगितलेले नाही. तुझ्या वतीने मी पुन्हा कधी काही सांगणार नाही. विचारते, एवढेच म्हणाले.

देवयानी